जवान येईपर्यंत: चिपळूणच्या पूरबचाव शिबिराचे परीक्षण

गेल्या मे महिन्यात चिपळुणात चार दिवसांचे पूरबचाव प्रशिक्षण शिबिर भरले होते. दुपारच्या जेवणासह पंधराशे रुपये शुल्क भरून मी त्यात सहभागी झालो. शिबिर भरवणारे मंडळ लोकवर्गणीवर चालते आणि पुढे मला त्याच्या काही उणिवाही लिहायच्या आहेत, म्हणून नाव देत नाही; ज्याला जायचे असेल त्याने बाजारपेठेत दोन दुकानांत विचारले तरी पत्ता मिळेल. परीक्षण थोडे लांबले आहे, कारण शिबिर चांगले की वाईट एवढ्यावर हा विषय संपत नाही. पूर आला, दरड कोसळली, वादळ झाले की धावून जाण्याचे काम लष्कराचे की गावातल्या स्वयंसेवकांचे, हा वाद आमच्याकडे २०२१ च्या पुरापासून चहाच्या प्रत्येक टपरीवर चालू आहे, आणि मी शिबिराला गेलो तो या वादात आपले मत काय हे स्वतःपुरते ठरवायला.

माझा बाजारपेठेच्या मागच्या आळीत छोटा छापखाना आहे. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे खालचा कागद वर चढवायला घेतला. चिपळूणकराला पूर नवा नाही. २००५ च्या जुलैमधल्या पाण्याची खूण आमच्या भिंतीवर रंगवून ठेवलेली होती, आणि तिच्या वर हातभर अंतर सोडून आम्ही फळ्या ठोकल्या होत्या. या वेळी पाणी त्या फळ्यांच्याही वर गेले. कागदाची रिमे भिजून इतकी फुगली की लोखंडी रॅक वाकले, आणि ते वाकताना होणारा करकर आवाज पाण्याखालून माळ्यापर्यंत ऐकू येत होता. शेजारच्या दोन कुटुंबांसह आम्ही अकरा जण माळ्यावर होतो, त्यांत अर्धांगवायू झालेल्या एक आजी होत्या.

त्या दिवशी आमच्याकडे कोण कधी आले, हा क्रम मला अजून पाठ आहे. सकाळी साडेदहाच्या सुमारास पलीकडच्या आळीतली तीन मुले ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबांवर दाराची फळी बांधून आली आणि खिडकीतून बिस्किटे व पाण्याच्या बाटल्या देऊन गेली. दुपारी खाडीपट्ट्यातल्या भोई मंडळींची होडी आली आणि तिने लहान मुलांना नेले. भगव्या पोशाखातल्या जवानांची रबरी बोट आळीत शिरली ती अंधार पडल्यावर. पण आजींना स्ट्रेचरवर बांधून माळ्यावरून बोटीत उतरवण्याचे काम त्यांनी ज्या सफाईने केले, ते आम्हा सर्वांना मिळूनही जमले नसते. बाकीचे आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखलातून बाहेर पडलो.

जवानांना वेळ लागला यात त्यांचा दोष नव्हता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. तेथून कुंभार्ली घाटाने चिपळूण दोनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि त्या दिवशी घाटांत दरडी, महामार्गावर पाणी अशी अवस्था होती. शिवाय संकट एकट्या चिपळुणावर नव्हते. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली. खेड तालुक्यात पोसरे येथेही दरडीखाली घरे गाडली गेली. तळियेत बाहेरचे दल पोहोचायला दुसरा दिवस उजाडला, आणि तोपर्यंत आजूबाजूच्या वाड्यांतले लोकच पावसात माती उपसत होते. आता पावसाळ्याच्या तोंडावर चिपळुणात एक तुकडी आधीच आणून ठेवली जाते. मात्र तुकडी शहरात असली तरी तिच्याकडच्या बोटी मोजक्याच असतात आणि आळ्या पुष्कळ.

येथे एक खुलासा केलेला बरा. आमच्याकडे भगवा पोशाख दिसला की ‘मिलिटरी आली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात हे दल लष्कराचे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार उभे राहिलेले हे दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असून त्यात सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा दलांतून माणसे येतात. भूदल, नौदल आणि तटरक्षक दल हे निराळे. नागरी प्रशासनाने मागणी केल्यावर ते येतात. जिल्ह्यात अशा वेळी सूत्रे असतात ती जिल्हाधिकाऱ्यांकडे. शिबिराच्या पहिल्या सकाळी हा सगळा उलगडा झाला तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होते, आणि माझ्याही.

शिबिरात आम्ही बत्तीस जण होतो. मुख्य प्रशिक्षक खेड तालुक्यातले, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या जोडीला खाडीत होडी चालवण्यात आयुष्य गेलेले साठीचे एक काका होते. या दोघांची जोडी हीच या शिबिराची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण जो वाद मी मनात घेऊन गेलो होतो तो तेथे माझ्यासमोर दोन माणसांच्या रूपाने उभा होता आणि दोघे एकमेकांचे म्हणणे आदराने खोडत होते. सुभेदारांनी फळ्यावर प्रवाहाची आकृती काढून बोट कोणत्या कोनात घालायची ते समजावले की काका शांतपणे म्हणत, “साहेब, ते झालं नदीचं. भरतीच्या वेळी गोवळकोटाकडं पाणी उलटं चढतं, तेव्हा तुमचा कोन फिरवायला लागेल.” सुभेदारांनी एकदाही त्याचा राग मानला नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी भरती-ओहोटीचे कोष्टक फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच धडा सुरू केला. चिपळुणातला पूर नुसता पावसाचा नसतो. वरून डोंगराचे आणि कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेले पाणी येते आणि खालून उधाणाची भरती त्याला खाडीत उतरू देत नाही. बाहेरून आलेल्या कोणत्याही तुकडीला हे पहिल्या तासात कळणे कठीण, आणि काकांना ते घड्याळाकडे न पाहता कळते.

दोराचा धडा मी सविस्तर सांगतो, कारण पैसे वसूल झाले ते तेथेच. सुभेदारांचा क्रम ठरलेला होता: आधी आवाज, मग काठी, मग दोर, मग होडी, आणि सगळ्यांत शेवटी माणूस. “पोहता येतं म्हणून उडी मारणारा मला टीममध्ये नको,” असे त्यांनी पहिल्याच तासाला सांगितले. थ्रो बॅग ही दिसायला साधी पिशवी असते. आत पंधरा-वीस मीटर तरंगणारा दोर सुटा भरलेला असतो. एक टोक हातात धरून पिशवी फेकायची, ती जाता जाता दोर आपोआप सुटत जातो. मला वाटले, यात शिकण्यासारखे काय आहे. पहिल्या आठ फेकी वाया गेल्या. मी वाहत येणाऱ्या माणसाच्या अंगावर नेम धरत होतो, आणि पिशवी पडेपर्यंत माणूस पुढे गेलेला असे. पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडली पाहिजे, म्हणजे दोर त्याच्या खांद्याशी येतो आणि बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतोच. फेक चुकली तर दोर पुन्हा पिशवीत भरत बसायचे नाही. भराभर वेटोळी घेऊन, पिशवीत थोडे पाणी घेऊन, त्याच वजनाने दुसरी फेक करायची. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, ही सूचना तर दिवसभरात वीस वेळा झाली असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दहापैकी सात फेकी बरोबर पडल्या, आणि छापखान्यात पहिले चार रंगी काम नीट निघाले होते तेव्हा झाला होता तसा आनंद मला झाला.

त्याच दुपारी ब्रह्मनाळचा विषय निघाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना सुरक्षित ठिकाणी नेणारी ग्रामपंचायतीची बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसे होती. तेथे कोणाच्या हेतूत खोट नव्हती. कोणाला ‘तू पुढच्या खेपेला ये’ असे सांगणारा माणूस नव्हता. स्वयंसेवकांचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग आधी लक्षात घ्यावा, असे मला वाटते. जवानांच्या बोटीत किती माणसे बसणार हे त्यांचा प्रमुख ठरवतो आणि त्यावर वाद होत नाही. आळीतल्या होडीवर मात्र चुलता, मावसभाऊ, शेजारी सगळेच असतात आणि नकार द्यायला जीभ रेटत नाही. शिबिरात याचा एक सराव घेतला गेला. सहा जणांच्या बोटीपाशी चौदा जणांनी गर्दी करायची आणि एकाने त्यांना रांगेत थांबवायचे. तो एक होण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा ओळखीच्या माणसांसमोर माझा आवाजच फुटेना. सुभेदारांनी फक्त एवढेच विचारले, “काय हो, इथं नाही म्हणता येत नाही, तर पाण्यात कसं म्हणाल?”

मगरींचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. वाशिष्ठीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्या चिपळूणच्या रस्त्यांवर दिसल्याच्या बातम्या येतात. काकांचे उत्तर असे की पुरात मगरही आपल्यासारखी आसरा शोधत असते, तिला तिचा कट्टा सोडून द्यावा. त्यांच्या मते खरी भीती असते ती बुडालेल्या कुंपणांच्या भाल्यांची, उघड्या विहिरींची आणि विजेच्या तारांची. रबरी बोट कुंपणाच्या एका टोकदार गजावर घासली तर फाटते, आणि तो गज कोणाच्या आवारात आहे हे पुण्याहून आलेल्या जवानाला दिसणार नाही.

म्हणूनच ‘आळीचा तक्ता’ हा उपक्रम मला सर्वांत मोलाचा वाटला. प्रत्येकाने आपल्या आळीचा हाताने नकाशा काढायचा. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाला डायलिसिसला जावे लागते, कोठे गरोदर बाई आहे, कोणाचा माळा पक्का आहे, विहीर कोठे, रोहित्र कोठे, बोट कोठून घालता येईल, हे सर्व त्यात मांडायचे. मला वाटत होते की चाळीस वर्षे एका आळीत काढलेल्या माणसाला यात काय अडचण येणार. प्रत्यक्षात सत्तावीस घरांपैकी नऊ घरांत किती माणसे झोपतात हेच मला सांगता येईना. शिबिरातल्या चारही बायकांचे तक्ते माझ्यापेक्षा भरलेले होते. बत्तीस जणांत फक्त चार बायका, ही शिबिराची मोठी उणीव आहे. दिवसभर आळीत कोण असते आणि कोणाच्या घरची खडान्‌खडा माहिती कोणाला असते, याचा विचार करून पुढच्या वेळी निमंत्रणे दिली पाहिजेत.

आता तक्रारी. तिसऱ्या रात्री नदीवर सराव होता. नारळाच्या सोडणांनी भरलेली तीन पोती पाण्यात सोडून ती बोटीने शोधून आणायची होती. मंडळाला देणगीत मिळालेली रबरी बोट आणि तिचे इंजिन काठावर आणले. दोरी ओढली, इंजिन चालू होईना. पुन्हा ओढली. प्लग काढून पुसला, पेट्रोल बदलले, आणि कार्बोरेटर उघडल्यावर आत जुन्या तेलमिश्रित पेट्रोलचा चिकट थर बसलेला दिसला. गेल्या पावसाळ्यानंतर ते इंजिन कोणी चालवलेच नव्हते. ते सुरू व्हायला पंचवीस मिनिटे लागली, आणि तोवर काकांनी वल्ह्याच्या होडीने दोन पोती आणूनही टाकली होती. हसण्यावारी गेले, पण त्या पोत्यांच्या जागी माणसे असती तर? सरकारी दलात महिन्याचे वेळापत्रक असते, इंजिनाची नोंदवही असते, ती कोणी भरली नाही तर विचारणारा वरिष्ठ असतो. स्वयंसेवी मंडळाला बोट देणारा देणगीदार सहज मिळतो. दर महिन्याला इंजिन चालवून पाहण्यासाठी दोनशे रुपयांचे पेट्रोल देणारा मात्र मिळत नाही. बोटीवर नाव रंगवता येते, पेट्रोलवर येत नाही.

दुसरी तक्रार विम्याची. केंद्र सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत बारा दिवसांचे प्रशिक्षण, लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च, प्रथमोपचार पेटी असा संच आणि विम्याचे संरक्षण दिले जाते. देशातील ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करणे हे त्या योजनेचे उद्दिष्ट होते. या शिबिरात मात्र विम्याचा विचारच नव्हता. मी विचारले तेव्हा आयोजकांनी प्रामाणिकपणे मान्य केले की त्यांनी तेवढे पैसे धरलेले नाहीत. घरातला कमावता माणूस दुसऱ्याच्या दारात बुडाला तर मागे राहिलेल्यांचे काय, याचे उत्तर दिल्याशिवाय त्याला पाण्यात उतरायला सांगणे मला योग्य वाटत नाही. केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या महापुरात मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून आतल्या गावांत नेल्या आणि हजारो लोकांना बाहेर काढले; तेव्हा तेथील सरकारने प्रत्येक होडीला दिवसाला तीन हजार रुपये आणि मोडतोडीची भरपाई जाहीर केली होती. सेवा फुकट असावी, पण तिचा भुर्दंड सेवा करणाऱ्याच्या घरावर पडू नये.

तिसरी उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. जवान आल्यावर काम त्यांच्या हाती कसे सोपवायचे, याचा एकही सराव शिबिरात झाला नाही. २०२१ साली आमच्या आळीच्या तोंडाशी बोट आली तेव्हा पाच खिडक्यांतून पाच जण पाच दिशा दाखवत होते, आणि आजी कोठे आहेत हे तुकडीच्या प्रमुखाला कळण्यात दहा मिनिटे गेली. मी हे सुभेदारांना सांगितले. ते म्हणाले, “टीमला तुमच्याकडनं तीनच गोष्टी हव्या असतात. माणसं कुठं आहेत, धोका कुठं आहे, आणि बोट कुठनं घालू. ते सांगणारा एकच माणूस पाहिजे. बाकीच्यांनी मागं राहायचं.” इतकी नेमकी गोष्ट चहाच्या सुट्टीत कळावी आणि अभ्यासक्रमात नसावी, याचे नवल वाटले. पाचवा दिवस वाढवावा आणि तो यासाठीच द्यावा, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आलो आहे.

राहता राहिला मूळ वाद. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीची दरड १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर चढवता आली नाहीत, जवानांनाही पायवाटेने चढून जाऊन फावड्या-घमेल्यांनीच माती उपसावी लागली. परिसरातले गिर्यारोहक तेथे सुरुवातीपासून मदतीला होते. त्या डोंगराची वाट त्यांच्या पायांखालची होती. त्या रात्री चढताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला, म्हणजे प्रशिक्षित माणसालाही सह्याद्री सूट देत नाही. याच्या उलट उदाहरण केरळमधल्या वायनाडचे. तेथे जुलै २०२४ मध्ये भूस्खलनाने पूल वाहून गेल्यावर लष्कराच्या अभियंत्यांनी १९० फूट लांबीचा बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी भाग जोडून उभारायचा पूल, दोन दिवसांच्या आत उभा केला. तसे काम कोणतेही मंडळ करू शकणार नाही. महाडला ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री वाहून गेला तेव्हा नौदलाच्या पाणबुड्यांनाही बुडालेली एसटी सापडायला आठवडा उलटला. तेथे हौशी पोहणाऱ्याला उतरू देणे म्हणजे बळी देणेच झाले असते.

तेव्हा माझे मत असे झाले आहे की पहिले सहा-आठ तास आळीचेच असतात, कोणाला आवडो वा न आवडो, आणि त्या तासांसाठी सरकारने पैसा आळीवर खर्च करावा. अंधारातले वाहते पाणी, खचलेली इमारत आणि दरडीखालची माणसे ही कामे दलाची. तेथे स्वयंसेवकाने घर दाखवावे आणि बाजूला व्हावे. ‘सगळे लष्कराकडे द्या’ म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे, कारण सैनिकाचे पहिले काम सीमेवर आहे आणि दर पावसाळ्यात त्याला गटारी उपसायला बोलावणे शोभत नाही. पण पूर ओसरल्यावर टेम्पोभर जुने कपडे आणून टाकणाऱ्या, फोटो काढणाऱ्या आणि अरुंद रस्त्यात गाड्या अडकवणाऱ्या गर्दीला मी स्वयंसेवक म्हणायला तयार नाही. २०२१ साली आमच्या रस्त्याच्या कडेला चिखलात पडलेल्या त्या कपड्यांचे ढीग नगरपरिषदेच्या माणसांनाच उचलावे लागले होते.

शिबिराला पाचपैकी साडेतीन गुण देईन. इंजिन वेळेवर चालू झाले असते तर चार दिले असते. जेवण उत्तम होते, विशेषतः दुसऱ्या दिवशीचे कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी. पोहता न येणाऱ्यांनीही जावे; तक्ता, नोंदी आणि काठावरून दोर फेकणे ही कामे त्यांना उत्तम जमतात. गमबूट नेऊ नयेत, खोल पाण्यात ते भरतात आणि माणसाला खाली ओढतात. नाडीचे जुने बूट बरे. बाजारातला नायलॉनचा दोरही नेऊ नये, तो तरंगत नाही. आणि आळीतून एकट्याने न जाता दोघांनी मिळून नाव नोंदवावे, कारण दोर एकाने फेकायचा असतो, तर फेकणाऱ्याला कमरेला घट्ट धरून मागे उभे राहायला दुसरा लागतो.